पुस्तक आहे, नोंद सापडत नाही

सातारा-सांगलीकडच्या कॉलेजांत शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. "लायब्ररीत पुस्तक नाही" असं म्हणण्याआधी संगणकावरच्या सूचीत तीनदा शोधा: देवनागरीत, रोमन अक्षरांत आणि लेखकाच्या नुसत्या आडनावाने.

मध्यंतरी एका ग्रंथालयाच्या सूचीत मी 'कराड' टाकलं. थोड्या नोंदी आल्या. 'कऱ्हाड' टाकलं, तर वेगळ्याच आल्या. रोमनमध्ये आणखी निराळ्या. जुन्या लाकडी खणांत यासाठी एक कार्ड असायचं, 'कऱ्हाड – पाहा कराड'. खण भंगारात गेले, त्यांच्याबरोबर ते 'पाहा'ही गेलं. त्यात काही जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टंकलेल्या, पडद्यावर नुसती चिन्हांची रांगोळी.

कागदी पुस्तक भलत्या फळीवर गेलं, तरी कधीतरी कुणाच्या हाताला लागतं. ई-पुस्तकाचं तसं नाही. नोंद चुकली की ते बुडालंच.

आता ग्रंथपालांना. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेतून लाखभराहून जास्त ई-पुस्तकं कॉलेजांना मिळतात, पण ती बहुतेक इंग्रजी. मराठी ई-पुस्तकांच्या नोंदींचं काम आपल्यालाच करावं लागणार. वाईच्या मराठी विश्वकोशाचंच घ्या. पहिला खंड १९७६ चा, आज सगळे खंड वेबवर फुकट. कपाटातल्या छापील खंडांची नोंद सूचीत असतेच. तिच्याच ८५६ क्रमांकाच्या रकान्यात दुवा भरला की झालं, फार तर दहा मिनिटांचं काम.

वर्गीकरणाचा मात्र बाऊ नको. ड्यूईच्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ खाली येतं. तो क्रमांक द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' घ्या. कागदी प्रत एकाच फळीवर बसते, आत्मचरित्रांत नाहीतर इतिहासात. संगणकातल्या नोंदीला ही अडचण नाही. आत्मचरित्र, सातारा जिल्हा, बेचाळीसची चळवळ, कराड: हवे तेवढे विषय द्या, तेही मराठीत. इतिहासाची पोरगी 'बेचाळीस' टाकून शोधते, तिला आत्मचरित्राच्या फळीशी काय देणंघेणं? आणि वर्षातून एकदा दुवे उघडून बघा. वर्गणी संपते, पुस्तक जातं आणि नोंद मागे राहते. यासारखा चीड आणणारा प्रकार नाही.

वाचकांनो, शोधून सापडलं नाही किंवा दुवा मेलेला निघाला, तर काउंटरवर चिठ्ठी द्या. तिच्यावर नुसतं 'मिळालं नाही' लिहू नका. नेमकं काय टाइप केलंत ते लिहा, ऱ्हस्व-दीर्घासकट.