शहाणपण आणि सावधपण

परवा भाची इंग्रजीचा उतारा घेऊन माझ्यापुढे बसली. ‘प्रूडंट’ या शब्दापाशी तिची पेन्सिल अडली होती. शब्दकोशात सावध, हिशेबी, दूरदर्शी, विवेकी अशी रांगच होती. ‘‘मामा, यांतलं नेमकं कोणतं लिहू?’’ मी सवयीने म्हणालो, ‘‘लिही सावध.’’ ती गेली आणि मला आपले काही चुकल्यासारखे वाटू लागले.

कारण भाची यंदा बारावीला आहे. पुढे काय शिकायचे, यावर घरात रोज चर्चा झडतात आणि प्रत्येक चर्चेचा शेवट ‘जरा शहाण्यासारखं वाग’ या वाक्याने होतो. या वाक्याचा खरा अर्थ ‘वेगळे काही करू नकोस’ एवढाच असतो, हे तिलाही कळते.

मूळ शब्द मात्र इतका भित्रा नाही. लॅटिनमध्ये ‘प्रोविडेन्स’ म्हणजे पुढचे पाहणारा. त्याचे आकसलेले रूप ‘प्रूडेन्स’ आणि त्यावरून हा इंग्रजी शब्द. आपला ‘दूरदर्शी’ त्याचा सख्खा भाऊ शोभावा! युरोपातील जुन्या नीतिविचाराने न्याय, धैर्य आणि संयम यांच्या जोडीला याच गुणाला बसवले होते. तो नुसती सावधगिरी असता, तर धैर्याच्या पंक्तीला त्याचे पान कोणी मांडले असते का?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयापुढे 1830 साली एक खटला आला. एका गृहस्थाने मृत्युपत्राने पन्नास हजार डॉलर विश्वस्तांकडे सोपवले होते. उत्पन्न पत्नीला आणि तिच्यामागे मुद्दल हार्वर्ड कॉलेज व एका रुग्णालयाला, अशी व्यवस्था होती. विश्वस्तांनी कारखान्यांचे आणि विमा कंपन्यांचे शेअर घेतले. पुढे भाव उतरले आणि भरपाईची मागणी झाली. न्यायमूर्ती सॅम्युएल पुटनम यांनी विश्वस्तांना दोषी धरले नाही. काहीही करा, पैशाला धोका आहेच. समंजस माणूस स्वतःचा व्यवहार जसा विचारपूर्वक करतो, तसा तो केला की नाही एवढेच पाहायचे, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. आपल्याकडेही 1872 च्या पुरावा कायद्याने एखादी गोष्ट ‘शाबीत’ मानायला असाच समंजस माणूस मापाला घेतला. 2024 मध्ये त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे माप तसेच राहिले. या माणसाकडून शंभर टक्के खात्रीची अपेक्षा नाही. समोर आहे ते नीट तोलून त्याने पाऊल उचलावे, एवढीच आहे.

मला आमची आजी आठवली. आजोबा गेल्यावर तिने हातातल्या पाटल्या मोडून आईला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवले. भावकीने तिला अविचारी ठरवले. पण त्याआधी ती शाळेच्या मोठ्या बाईंना भेटली होती. शिक्षण किती वर्षांचे, पगार कधी सुरू होतो, मुलगी राहील कुठे, हे सारे विचारून आली होती. आणि दुखण्याखुपण्यासाठी गळ्यातली एक सर तिने मोडली नव्हती. पाटल्या सांभाळून ठेवणे सावधपणाचे झाले असते. आजीने केले ते शहाणपण होते.

आपल्याकडे यासाठी एक सुरेख शब्द आहे, तारतम्य. संस्कृतातले ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय त्यात आहेत. हे बरे, ते अधिक बरे, ते सर्वांत बरे, अशी प्रतवारी ज्याला करता येते त्याला तारतम्य आहे. नुसते ‘नको’ म्हणायला ते लागत नाही.

संध्याकाळी भाचीला हाक मारली. ‘‘सावध खोड. तारतम्य असलेला, असं लिही.’’

‘‘बाई मार्क देतील का पण?’’

‘‘कदाचित कापतीलही,’’ मी म्हणालो.

तिने क्षणभर विचार केला आणि खोडरबर उचलले.