डेडस्टॉकमधल्या घडीच्या खुर्च्या

महाविद्यालयांतून मार्चअखेरीस एक विधी नेमाने पार पडतो. डेडस्टॉक रजिस्टर बाहेर निघते, एक समिती नेमली जाते आणि निर्लेखनाची यादी तयार होते. नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या ग्रंथालयाच्या यादीत यंदा एकवीस घडीच्या लाकडी खुर्च्या होत्या. सगळ्या सागाच्या, पट्ट्यांच्या बैठकीच्या, दोन-तीन पिढ्यांनी वापरलेल्या. शेरा एकच : ‘मोडकळीस आलेल्या’. समितीचा सदस्य या नात्याने सही करण्यापूर्वी मी त्या एकेक उघडून पाहिल्या. दोन खुर्च्या वाळवीने पोखरल्या होत्या. उरलेल्या एकोणीस मोडलेल्या नव्हत्या. त्या डुगडुगत होत्या. मोडणे आणि सैल होणे यांतला भेद भाषेच्या अध्यापकाने तरी नोंदवावा, एवढ्यासाठी हे टिपण.

सांधा सैल का होतो? लाकूड लांबीच्या दिशेने जवळपास हलत नाही. आडव्या दिशेने मात्र ते हवेतील दमटपणाबरोबर फुगते आणि आक्रसते. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांना समांतर दिशेने सुमारे ५ ते ६ टक्के आक्रसतो, तर लांबीच्या दिशेने नगण्य. खुर्चीच्या पायात आडवी पट्टी बसवताना पट्टीच्या टोकाचे कुसू पायाच्या खाचेत जाते. पायाचे रेषे उभे, पट्टीचे आडवे. पावसाळ्यात कुसू फुगू पाहते, खाच त्याला जागा देत नाही, आणि त्याचे रेषे आतल्या आत चेपले जातात. पुढे आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, कुसू वाळते, आणि पहिल्यापेक्षा बारीक होते. असे पन्नास-साठ पावसाळे आणि तितकेच उन्हाळे गेले की सांधा हलू लागतो. यात सुताराचा दोष नाही, लाकडाचाही नाही.

दोष येतो तो नंतरच्या दुरुस्तीत. आमच्या एकोणीस खुर्च्यांपैकी बहुतेकींच्या सांध्यांत बाहेरून खिळे मारलेले होते. खिळा ठोकला की खुर्ची त्या दिवशी घट्ट वाटते. पण लाकूड हलतच राहते, लोखंड हलत नाही. परिणामी खिळ्याभोवतीचे भोक मोठे होते, लोखंड गंजते आणि शेवटी पाय रेषेत चिरतो. सैल सांध्याचा मोडका पाय होतो तो असा. ज्या मिस्तरींना मी खुर्च्या दाखवल्या, ते प्रथम एवढेच म्हणाले, “सर, आधी खिळे काढू. मग काय शिल्लक आहे ते बघू.”

खरी दुरुस्ती सांधा झाकत नाही, उघडते. प्रत्येक भागावर खडूने क्रमांक घालायचे, सैल सांधे लाकडी हातोड्याने हलकेच सोडवायचे. जुन्या खुर्च्या बहुधा सरसाने जोडलेल्या असतात. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होणारा हा डिंक कोमट पाण्याने मऊ पडतो. तो पूर्ण खरवडायचा, पण खालचे लाकूड खरवडायचे नाही. कुसू बारीक झाले असेल तर त्याच्या गालांवर सागाचीच पातळ चिपटी चिकटवून ते खाचेपुरते जाड करायचे. साग तेलकट असल्यामुळे चिकटवण्याआधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसून घ्यायचा. मग भिजवलेला सरस, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून, उकळी न आणता तापवायचा आणि गरम असतानाच लावायचा. शिकंजा नसेल तर दोरीचे वेढे देऊन त्यांत काठी घालून पीळ द्यायचा. मात्र पीळ पक्का करण्यापूर्वी खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात ना, हे पाहायचे.

आता कोणी म्हणेल, १९५९ पासून बाजारात असलेले फेव्हिकॉल काय वाईट? नव्या, स्वच्छ लाकडावर ते उत्तमच. पण त्याचा थर जिथे उरतो तिथे पुढच्या वेळी नवा डिंक नीट धरत नाही. सरस पुन्हा मऊ होतो आणि जुन्या सरसावर नवा सरस बसतो. म्हणजे आजचा सुतार उद्याच्या सुताराला वाट मोकळी ठेवतो. मला या कामात सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

घडीच्या खुर्चीत आणखी एक विवेक लागतो. तिचे दोन सांगाडे कात्रीसारखे जिथे एकमेकांना छेदतात, तो सांधा हलण्यासाठीच असतो. तिथे डिंक लावला की खुर्ची संपली. भोक झिजून लांबट झाले असेल तर ते बुजवून नव्याने पाडायचे, वायसर घालायचे, थोडे मेण लावायचे आणि बोल्ट घडी होईल इतपतच आवळायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुडकी येथे लष्करी अभियंत्यांसाठी घडलेली, जगभर ‘रुडकी चेअर’ म्हणून ओळखली गेलेली खुर्ची तर या सैलपणावरच उभी आहे. तिचे निमुळते सांधे डिंकाविना बसतात. त्यामुळे ओबडधोबड जमिनीवरही चारही पाय टेकतात. प्रत्येक हालचाल हा दोष नसतो. कोणती रचनेची आणि कोणती झिजेची, हे ओळखणे म्हणजेच दुरुस्तीचे ज्ञान.

मराठीच्या विद्यार्थ्याला हे परके वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पाठांतरांत शिरलेली भर काढली आणि पुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये, अशी ताकीद दिली. खिळे काढणे आणि आपला खिळा न ठोकणे, असे ते काम होते. पाठचिकित्सा आपण वर्गात शिकवतो. वर्गाबाहेरच्या वस्तूंबाबत मात्र एका शेऱ्यावर भागवतो.

आक्षेप रास्त आहे : दोन खुर्च्यांना मिस्तरींचा एक दिवस जातो आणि त्या मजुरीत प्लॅस्टिकची खुर्ची येते. पण प्लॅस्टिकच्या खुर्चीचा पाय तडकला की तिला सांधाच नसतो. ती टाकावीच लागते. ज्या जिल्ह्याचा सातपुडा आणि नवापूर पट्टा सागासाठी ओळखला जातो आणि जिथले जंगल आपल्या डोळ्यांदेखत विरळ झाले, तिथे वाळलेला, मुरलेला साग भंगाराच्या भावाने देणे हा कोणता हिशेब? शिवाय अशा कामाला गिऱ्हाईक नसेल तर ते जाणणारे हातही राहणार नाहीत. त्यांची नोंद कोणत्या रजिस्टरात करणार?

असो. यादीवर मी सही केली, ती वाळवी लागलेल्या दोन खुर्च्यांपुरती. उरलेल्यांपैकी चार दुरुस्त होऊन वाचनकक्षात परतल्या आहेत. त्यांची खरी परीक्षा एका पावसाळ्यानंतर आणि एका उन्हाळ्यानंतर होईल. पुन्हा सैल झाल्याच, तर त्या पुन्हा उघडता येतील.