विकतची शांतता

बाहेरचा गोंगाट टिपून त्याच्या उलट लहर कानात सोडणारे हेडफोन आता लोकलच्या डब्यात सर्रास दिसतात. त्यांचा लाभ आम्ही नाकारीत नाही. गाडीची घरघर दबली म्हणजे गाण्याचा आवाज चढविण्याचे कारण उरत नाही. आणि अंतःकर्णातील रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपलीकडे ऐकू नये, असे जागतिक आरोग्य संघटना बजावते. परंतु चौकातील पोलिसाच्या आणि पदपथावरील विक्रेत्याच्या कानांचे काय? व्यापारी भागात दिवसा ६५ व निवासी भागात रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातलेलीच आहे. ती कसोशीने पाळविणे हे सरकारचे कर्तव्य होय. शांतता हा नागरिकाचा हक्क आहे. ती ऐपतीप्रमाणे विकत घेण्याची वस्तू ठरू नये.