मोबदला आला, समाधान आले का?

समृद्धी महामार्ग आमच्या वाशीम जिल्ह्यात मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. जमिनीच्या मोबदल्यातून कुणी कर्ज फेडले, दुसरीकडे शेत घेतले. कुणी मोठी गाडी घेतली, बंगला बांधला.

मला पहिला माणूस जास्त निवांत वाटतो. दुसऱ्याला आपल्या गाडीचा आनंद शेजाऱ्याची नवी गाडी येईपर्यंतच पुरतो. कुरआनातील सूरह तकासुर याच चढाओढीबद्दल सावध करते. ती माणसाला थेट कबरीपर्यंत नेते.

म्हणून पैसा वाईट ठरत नाही. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला ‘सब्र कर’ असा उपदेश करणे हा अन्यायच आहे. इस्लामने संपत्तीला मनाई केली नाही, तिच्यावर जकात फर्ज केली. निसाबाइतकी शिल्लक वर्षभर राहिली, की अडीच टक्के गरिबाचा हक्क. तो मोजून देणाऱ्याला उरलेलेही पुरेसे वाटू लागते. कनाअतची सुरुवात इथूनच होते.

गाडी जरूर घ्या, पण आधी जकातीचा हिशेब करा. अल्लाह आपणा सर्वांना कनाअत देवो. आमीन.