संशोधन आहे, प्रश्नपत्रिका मात्र तीच

महाराष्ट्रात २०२५ साली दहावीच्या परीक्षेचा निकाल ९४.१० टक्के लागला. दहावीपर्यंत विज्ञान हा विषय बहुतेक सर्वांनाच असतो. म्हणजे शंभरातील नव्वदांहून अधिक मुले विज्ञानाची किमान पायरी ओलांडून शाळेबाहेर पडतात, असा या आकड्याचा सरळ अर्थ होतो. तो खरा असता तर आनंदच होता. परंतु प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या आणि समीकरण बिनचूक लिहून पूर्ण गुण मिळवणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला, झाड आपले अन्न कोठून मिळवते, असे वर्गाबाहेर विचारले, तर तो बहुधा सांगेल: जमिनीतून, खत हेच पिकाचे अन्न. उत्तरपत्रिकेतील विज्ञान आणि मनातील समजूत यांची त्याच्याजवळ दोन स्वतंत्र खाती असतात, आणि एका खात्यातील रक्कम दुसऱ्यात कधी वळती होत नाही.

यात दोष मुलाचा नाही. मूल कोरी पाटी घेऊन वर्गात येत नाही, हे विज्ञानशिक्षणाच्या संशोधनाने गेल्या पन्नास वर्षांत वारंवार दाखवून दिले आहे. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर खाली पडते, चालती वस्तू चालत राहण्यासाठी तिला सतत ढकलावे लागते, झाड मुळांनी अन्न खाते, अशी स्पष्टीकरणे त्याने रोजच्या अनुभवातून आधीच बांधलेली असतात. ती फ्रान्समध्ये आढळली, इंग्लंडमध्ये आढळली, भारतातही आढळली. महाविद्यालयात पोहोचलेल्या विद्यार्थ्यांतही ती टिकून असतात. शुद्ध व्याख्या फळ्यावर लिहून दिल्याने ती हटत नाहीत. काय घडेल याचा अंदाज मुलाला आधी करू द्यावा, मग प्रत्यक्ष घडवून दाखवावे आणि अंदाज का चुकला याची चर्चा त्याच्याकडूनच करवून घ्यावी. मनातील समजूत हलण्याचा मार्ग हा आहे.

पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ साली केली. पुढे १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. याच काळात, १९७४ साली, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने मुंबईच्या महापालिका शाळांत आणि जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांत काम केले. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट मराठी समाजाने कान देऊन ऐकावी अशी होती. वंचित घरांतील मुले विज्ञानात मागे पडतात, याचे एक मोठे कारण त्यांची बुद्धी नसून पाठ्यपुस्तकाची भाषा हे आहे. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली, तेव्हा त्या मुलांची प्रगती सुधारली.

हे पटण्यास फार दूर जावे लागत नाही. डोक्यावर पोते घेऊन तासभर एका जागी उभा असलेला हमाल घामाघूम होतो. त्याने पोत्यावर काहीच ‘कार्य’ केले नाही, असे भौतिकशास्त्र म्हणते. घरच्या बोलीत जोर, ताकद, बल आणि शक्ती हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल वापरले जातात. पुस्तकात त्यांतील बल वेगळे आणि शक्ती वेगळी. हा फरक उलगडून सांगणारे ज्याच्या घरी आहेत, किंवा ज्याला शिकवणीचे शुल्क परवडते, तो तरून जातो. बाकीच्यांना पाठांतरावाचून गत्यंतर उरत नाही. पुस्तकाची भाषा हा शैलीचा प्रश्न आहे, असे समजण्याची चूक होते. तो खरे पाहता वाटपाचा आणि म्हणूनच न्यायाचा प्रश्न आहे.

निदान झाले तरी उपचार मोठ्या प्रमाणावर शक्य आहे काय, अशी शंका येते. त्या शंकेचे उत्तर महाराष्ट्राच्या शेजारीच मिळाले होते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचा नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ शासकीय माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. टाटा संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ त्यांच्या मदतीस आले. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला आणि १९८२ पासून ‘एकलव्य’ या संस्थेने त्याची धुरा वाहिली. स्वस्त साहित्याची पेटी, ‘बाल वैज्ञानिक’ नावाची पुस्तके, शिक्षकांची प्रशिक्षणे आणि नियमित मासिक बैठका, असे त्याचे स्वरूप होते. मुलांनी मनातील प्रश्न पत्राने विचारावेत यासाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्रही निर्माण करण्यात आले.

या कार्यक्रमाचे मर्म मात्र पेटीत किंवा पुस्तकात नव्हते. ते परीक्षेत होते. आठवीच्या परीक्षेत मुलांना पुस्तक उघडून उत्तरे लिहिण्याची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होती. पुस्तक समोर असताना व्याख्या विचारण्यात अर्थ उरत नाही. मग निरीक्षण, मांडणी आणि तर्क यांचेच प्रश्न काढावे लागतात. जे तपासले जाते तेच शिकवले जाते. बाजारात किमतीचा संकेत जे काम करतो, तेच शाळेत प्रश्नपत्रिका करते. मास्तरांचा वेळ मर्यादित असतो. ज्या गोष्टीला गुण आहेत तेथे ते तो खर्च करतात. त्यांना दोष देऊन काही साधत नाही, संकेत बदलावा लागतो. होशंगाबादने तो बदलला, म्हणून तो कार्यक्रम तीस वर्षे टिकला. २००२ साली शासनाच्या निर्णयाने तो बंद पडला. तीन दशकांत साठलेले ज्ञानाचे भांडवल एका आदेशाने निरुपयोगी ठरू शकते, हा त्यातील खरा धडा आहे.

त्यानंतरही इशारे मिळाले. २००९ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत भारतातर्फे तामिळनाडू व हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये उतरली आणि यादीच्या तळाशी राहिली. २०१२ च्या फेरीत भारताने भागच घेतला नाही. तापमापक नाकारल्याने ताप उतरत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही.

पैसा नाही म्हणून सुधारणा अडली, असेही म्हणता येत नाही. अटल नवोन्मेष अभियानाखाली २०१६ पासून देशभर सुमारे दहा हजार शाळांना प्रयोगशाळा मंजूर झाल्या. प्रत्येकीसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. हा खर्च वाया जातो असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु यंत्रे एकदा विकत घेता येतात, त्यांचे उद्घाटन करता येते. शिक्षकांची दरमहा बैठक घेणे हा वर्षानुवर्षांचा आवर्ती खर्च असतो आणि त्याचे छायाचित्र निघत नाही. प्रश्नपत्रिका तीच राहिली, तर यंत्रेही अखेर कुलपातच राहणार.

पुस्तक उघडून द्यायच्या परीक्षेची उत्तरे तपासणे अवघड असते आणि लक्षावधी उत्तरपत्रिकांत समान न्याय राखणे त्याहून अवघड, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सुरुवात माफक असावी. दहावीच्या विज्ञानाच्या ८० लेखी गुणांपैकी २० गुण न पाहिलेल्या निरीक्षणावर किंवा तक्त्यावर तर्क करण्यासाठी राखून ठेवावेत, आणि हा हिस्सा पाच वर्षांत दुप्पट करावा. बालभारतीने प्रत्येक नवा पाठ छापण्यापूर्वी एखाद्या आश्रमशाळेत आणि एखाद्या महापालिका शाळेत मुलांकडून वाचून घ्यावा. मुले जेथे अडतील तेथे पाठ बदलावा, मुलांना बदलण्याची घाई करू नये. केंद्रशाळेच्या बैठकांत परिपत्रकांचे वाचन कमी करून एखाद्या धड्यातील मुलांच्या चुकांवर चर्चा व्हावी. आणि कोणताही चालू शैक्षणिक प्रयोग, त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध केल्यावाचून बंद करता येऊ नये.

यांतील एकाही सूचनेसाठी नव्या आयोगाची आवश्यकता नाही. मूल कसे शिकते याचे पुरेसे ज्ञान या देशात, आणि त्यातील बरेचसे मराठी शाळांतच, मिळवले गेले आहे. ते मानायचे की नाही, हा निर्णय तेवढा शासनाकडे शिल्लक आहे. तो पुढे ढकलत राहिल्याने निकालाची टक्केवारी कमी होणार नाही. परंतु खत हेच झाडाचे अन्न मानणारी आणखी एक पिढी पूर्ण गुण घेऊन शाळेबाहेर पडेल.