आखाडा सुटल्यावर

आखाड्यात उतरणाऱ्या पहिलवानाला वस्ताद असतो; आखाडा सोडणाऱ्याला कोण असते? खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक मिळविले आणि १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. पण सर्वांच्याच कपाळी फौजदारी लिहिलेली नसते!

आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, १९१४ मध्ये वैद्यबंधूंनी लावलेल्या या रोपट्याने, १९३६ साली बर्लिनला देशी खेळ दाखविले आणि व्यायामशिक्षकांच्या पिढ्या घडविल्या. केंद्र सरकारनेही २०२४ साली निवृत्त खेळाडूंसाठी ‘रिसेट’ योजना काढली. छान झाले. पण योजना कागदावर; पाठीवर हात ठेवणारा माणूस लागतोच. अर्धवट राहिलेले शिक्षण, पोटापाण्याची सोय, टाळ्या थांबल्यावर खायला उठणारे घर, हे सारे जाणणारा मार्गदर्शक आयता मिळत नाही. दंड-बैठकांइतक्याच निगुतीने तो शिकवून तयार करावा लागतो. व्यायामशिक्षकाच्या शिक्षणात या विद्येला मानाचे पान हवे.

अकोल्यात पोराला मुष्टियुद्धाला धाडणारी माउली उद्या विचारील, “गुरुजी, खेळ सरल्यावर पोरगं काय करीन?” तेव्हा गुरुजींनी खाली पाहू नये, एवढेच मागणे.