अस्वलाची जात

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे सुट्टीत गावी गेले की पुस्तकात वाचलेले आजीला सांगावेच लागते. यंदा पहाटे तिच्याबरोबर मोहफुले वेचताना मी म्हणाले, "आजी, एका इंग्रज पंडिताने आपल्या अस्वलाला अस्वलच मानले नव्हते!" मान वर न करता ती म्हणाली, "मंग का म्हैस समजला का तो?"

गोष्ट मात्र खरी आहे. १७९१ साली जॉर्ज शॉ याने लांब नखे आणि दातांची ठेवण पाहून आपल्या अस्वलाला 'स्लॉथ' या दक्षिण अमेरिकेतील सुस्त, झाडाला उलट्या लटकणाऱ्या प्राण्याच्या कुळात घातले. पुढे चूक दुरुस्त झाली. पण इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' हे नाव चिकटले ते चिकटलेच! नागझिऱ्याच्या जंगलालगत राहणाऱ्या कुणालाही विचारा. हा प्राणी वारूळ फोडून वाळवी कशी ओढतो, याचा आवाज त्यांनी कानांनी ऐकलेला असतो. वरचे पुढचे दोन दात नसतात, ते त्यासाठीच.

बरे, पंडितांचे कप्पे तरी पक्के आहेत काय? २००६ साली कॅनडात एका शिकाऱ्याने पांढरे अस्वल मारले. तपासणीत त्याची आई ध्रुवीय अस्वल आणि बाप तपकिरी ग्रिझली निघाला. अलास्काजवळच्या काही बेटांवरची तपकिरी अस्वले आईच्या वंशाकडून ध्रुवीय अस्वलांच्या जवळची आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात तर अस्वलांच्या निरनिराळ्या जातींत प्राचीन काळी संकर झाल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे शुद्ध रक्ताचा दाखला अस्वलांकडेही नाही!

मग वर्गीकरण मोडीत काढावे काय? माझे मत तसे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपल्या अस्वलाचे नाव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणून त्याला संरक्षण आहे. यादीत नाव नसलेल्याचा वाली कोण? 'अनुसूची' हा शब्द आमच्या घराला नवा नाही. ज्या जातीमुळे आजी शाळेच्या बाहेर राहिली, त्याच जातीच्या दाखल्यावर आज माझी शिष्यवृत्ती येते. यादी संरक्षणासाठी हवी. कुणाची किंमत ठरवण्यासाठी नको.

आणि यादी करणाऱ्यांनी जंगलात राहणाऱ्यांनाही विचारावे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. जंगल होते तेथेच राहिले. अस्वल कोणत्या महिन्यात कोठे उतरते, पिल्ले पाठीवर घेतलेली मादी दिसली तर काय करावे, हे मोह वेचणाऱ्या बायकांना ठाऊक आहे. जंगलाच्या जिल्ह्यातील आपल्या कॉलेजने हे ज्ञान लिहून घ्यायला काय हरकत आहे?

मित्रहो, सुरुवात मी केली आहे. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आजीचे नाव आहे. तिला ते वाचता येत नाही. पण कोठे लिहिले आहे ते तिने बोट ठेवून पाहिले.